पुनर्भव, संक्रमण आणि इंग्रजीचे चार शब्द

पालि भाषेतील ‘पुनब्भव’ ही संज्ञा इंग्रजीत न्यावयाची झाल्यास अनुवादकापुढे निदान चार शब्द उभे राहतात : ‘मेटेम्सायकोसिस’, ‘ट्रान्समायग्रेशन’, ‘रीइन्कार्नेशन’ आणि ‘रीबर्थ’. हे शब्द इतके जवळचे आहेत, की एकाचा अर्थ विचारला असता सुशिक्षित इंग्रजदेखील दुसऱ्याचे नाव घेतो. मराठीत आणताना तर या चौघांचीही बोळवण ‘पुनर्जन्म’ या एकाच शब्दावर केली जाते. परिणामी बौद्ध उपासकाला सभेत, वर्गात आणि शेजारीपाजारी एक प्रश्न हटकून ऐकावा लागतो : तुम्ही आत्मा मानीत नाही, मग पुनर्जन्म कोणाचा?

प्रश्न वरवर तत्त्वज्ञानाचा दिसतो. वास्तविक त्याचे निम्मे मूळ अनुवादाच्या इतिहासात आहे. तथागतांच्या वचनांशी आधुनिक भारतीय वाचकाची पुनर्भेट प्रामुख्याने इंग्रजीच्या द्वारे झाली, आणि त्या द्वारावर कोणते शब्द पहारा देत होते हे पाहिल्याशिवाय प्रश्नाची उकल होत नाही. प्रस्तुत लेखात तेवढाच प्रयत्न आहे.

एकोणिसाव्या शतकात सिंहलद्वीपात पालि शिकणारे युरोपीय मुख्यतः दोन प्रकारचे होते : मिशनरी आणि मुलकी अधिकारी. डॅनियल गॉगर्ली आणि रॉबर्ट स्पेन्स हार्डी हे वेस्लियन पंथाचे मिशनरी. टी. डब्ल्यू. राइस डेव्हिड्स आणि रॉबर्ट सीझर चिल्डर्स हे मुलकी सेवेतून आले. मिशनऱ्यांजवळचे शब्दभांडार चर्चचे होते, आणि ते त्यांनी सहजपणे वापरले. अष्टांगिक मार्गातील ‘सम्मासति’ घ्या. गॉगर्ली यांनी तिला ‘मेडिटेशन’ म्हणजे ध्यान म्हटले. हार्डी यांनी ‘कॉन्शन्स’ म्हणजे सदसद्विवेकबुद्धी. पहिल्या पर्यायात सति आणि समाधी यांतील सीमारेषाच पुसली जाते, तर दुसऱ्यात पापभीरू ख्रिस्ती अंतःकरण डोकावते. चिल्डर्स यांनी १८७२ ते १८७५ या काळात प्रसिद्ध केलेल्या पालि कोशात स्मरण, अवधान, विचार असे अनेक पर्याय मांडून निवड वाचकावर सोपविली. राइस डेव्हिड्स यांनी १८८१ साली ‘पूर्वेचे पवित्र ग्रंथ’ या मालेतील सुत्तांच्या अनुवादात ‘माइंडफुलनेस’ हा जुना, फारसा वापरात नसलेला शब्द घेतला. आज जगभर तोच रूढ आहे. त्याच्या यशाचे कारण माझ्या मते असे, की त्या शब्दावर कोणत्याही पंथाची मालकी नव्हती. मोकळा शब्द सापडला की अनुवादकाचे अर्धे काम होते.

‘दुक्ख’ या संज्ञेच्या बाबतीत असा मोकळा शब्द सापडला नाही. ‘पेन’, ‘सॉरो’, ‘सफरिंग’, ‘इल’ असे अनेक पर्याय वापरून झाले. १९२१ ते १९२५ या काळात पूर्ण झालेल्या पालि टेक्स्ट सोसायटीच्या कोशात राइस डेव्हिड्स आणि विल्यम स्टीड यांनी स्पष्टच नमूद केले, की या शब्दाची व्याप्ती सांभाळणारा एकही इंग्रजी शब्द नाही. अडचण केवळ व्याप्तीची नाही. पहिल्या आर्यसत्याच्या विवरणात सोक, परिदेव, दुक्ख, दोमनस्स आणि उपायास असे पाच शब्द एका दमात येतात. अनुवादकाला एकाच वाक्यात पाच जवळचे इंग्रजी शब्द लागतात, आणि पाचही वेगळे राखावे लागतात. ‘दुक्ख’ला ‘सॉरो’ हा शब्द देऊन बसलेल्या अनुवादकाला ‘सोक’ आला की नवा शब्द धुंडाळावा लागतो. कारण ‘सॉरो’ म्हणजे मनाला होणारी खिन्नता, आणि तिचे खरे स्थान सोकाजवळ आहे. ‘भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाच्या प्रास्ताविकात बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी चार आर्यसत्यांविषयी जी शंका उपस्थित केली, तीत जीवन, मरण आणि पुनर्जन्म या सर्वांना ‘सॉरो’ म्हटले तर उरते काय, असा विचार आहे. बाबासाहेबांची शंका केवळ एका इंग्रजी शब्दातून उद्भवली असे म्हणणे अन्यायाचे होईल. परंतु ज्या इंग्रजी बुद्धमताला युरोपने निराशावादी ठरविले, ते निराशावादी दिसण्यात या शब्दाचा वाटा होता, एवढे म्हणावयास हरकत नसावी. वालपोल राहुल यांनी १९५९ साली आपल्या सुप्रसिद्ध इंग्रजी ग्रंथात ‘दुक्ख’ हा शब्द तसाच ठेवणे पसंत केले. तोही एक निर्णयच होय.

आता मूळ चार शब्दांकडे वळू. ‘मेटेम्सायकोसिस’ हा ग्रीक शब्द. त्याच्या पोटातच आत्मावाचक ‘सायकी’ बसलेली आहे. ‘ट्रान्समायग्रेशन’ हा लॅटिन. अर्थ, एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी स्थलांतर. स्थलांतर म्हटले की स्थलांतर करणारा आलाच. ‘रीइन्कार्नेशन’ म्हणजे पुन्हा मांसाचा देह धारण करणे. १८७५ साली स्थापन झालेल्या थिऑसॉफिकल सोसायटीच्या वर्तुळात या शब्दाला विशेष प्रतिष्ठा लाभली. जुनी वस्त्रे टाकून नवी परिधान करणारा गीतेतील देही या शब्दात चपखल बसतो. तेथे नेसणारा एक आणि वस्त्रे अनेक. उरला ‘रीबर्थ’. हा पुन्हा जन्म घडतो एवढेच सांगतो. कोणाचा, हे सांगत नाही. त्याचे हे मौनच त्याची पात्रता होय.

पालि वाङ्मयाने हा भेद स्वतःच्या शब्दांत फार पूर्वी केला आहे. मज्झिमनिकायाच्या महातण्हासंखय सुत्तात साति नावाच्या भिक्खूची कथा आहे. हा केवट्टपुत्त, म्हणजे कोळ्याचा मुलगा. तेच विज्ञान, दुसरे नव्हे, जन्मोजन्मी धावत राहते, संसरण करते, असे तो मानीत असे. इतर भिक्खूंनी समजाविले तरी त्याने मत सोडले नाही. तेव्हा तथागतांनी त्याला बोलावून घेतले आणि आपण असे केव्हा, कोणाला शिकविले, असा प्रश्न केला. पुढील दृष्टान्त मराठी वाचकाला परका वाटणार नाही. लाकडाने पेटला तो लाकडाचा विस्तव, गवताने पेटला तो गवताचा, शेणाच्या गोवरीने पेटला तो गोवरीचा. विस्तवाला नाव मिळते ते त्याच्या कारणावरून. विज्ञानही तसेच, डोळा आणि रूप यांमुळे उपजले ते चक्षुविज्ञान, कान आणि शब्द यांमुळे उपजले ते श्रोत्रविज्ञान. कारणांवाचून एकटे हिंडणारे विज्ञान कोठेच नाही. साति पाखंडी नव्हता; संघातील भिक्खू होता. त्याने केले ते एवढेच, की कारणपरंपरेच्या जागी प्रवासी बसविला. ‘ट्रान्समायग्रेशन’ हा शब्द वापरणारे एकोणिसाव्या शतकातील लेखक नकळत सातिचे अनुयायी ठरतात.

मिलिंदपञ्हात हाच मुद्दा दोन क्रियापदांत आला आहे : ‘सङ्कमति’ आणि ‘पटिसन्दहति’. काही संक्रमण करीत नाही आणि तरीही प्रतिसंधान होते, हे कसे, असे राजा मिलिंद भदन्त नागसेनांना विचारतो. ही दोन्ही क्रियापदे मराठी माणसाला इंग्रजापेक्षा अधिक जवळची आहेत. संक्रांतीला सूर्य एका राशीतून दुसऱ्या राशीत जातो असे आपण मानतो. राशी बदलते, सूर्य तोच राहतो. ‘सङ्कमति’चा अर्थ हा. ‘पटिसन्दहति’च्या धातूचा वंशज आपल्या घरात ‘सांधणे’ या रूपाने वावरतो. तुटलेले सांधले जाते. पण सांधा म्हणजे एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे चालत गेलेली वस्तू नव्हे. नागसेनांनी दोन उपमा दिल्या. एका दिव्यावरून दुसरा दिवा लावला तर पहिल्यातील काही दुसऱ्यात जाते काय? आणि राजाने बालपणी गुरूकडून श्लोक पाठ केला, तो श्लोक गुरूला सोडून राजाकडे आला काय?

विल्हेल्म ट्रेंकनर यांनी १८८० साली संपादित केलेल्या पालि संहितेवरून राइस डेव्हिड्स यांनी या ग्रंथाचा इंग्रजी अनुवाद केला. त्याचे दोन भाग १८९० आणि १८९४ साली प्रसिद्ध झाले. येथे त्यांनी ‘सङ्कमति’ला ‘ट्रान्समायग्रेशन’ आणि ‘पटिसन्दहति’ला ‘रीबर्थ’ असे शब्द योजले. तोवर ज्यांचा वापर सरमिसळ होत असे ते दोन इंग्रजी शब्द एकाच प्रश्नात समोरासमोर आले, आणि एकाचा निषेध व दुसऱ्याचा स्वीकार झाला. अमेरिकेत हेन्री क्लार्क वॉरेन यांनी १८९६ साली बौद्ध वाङ्मयाचे अनुवाद प्रसिद्ध केले, तेव्हा याच उताऱ्याला त्यांनी जो मथळा दिला तो रीबर्थ म्हणजे ट्रान्समायग्रेशन नव्हे, अशा आशयाचा आहे. एका पिढीत शब्दयोजना स्थिर झाली.

तथापि ती निर्दोष झाली असे नाही. ‘पटिसन्दहति’मध्ये जन्माचा उल्लेखच नाही, सांधण्याचा आहे. ‘पुनब्भव’मध्येही जन्म नसून ‘भव’ म्हणजे होणे आहे. प्रतीत्यसमुत्पादाच्या बारा कड्यांत ‘भव’ आणि ‘जाति’ या दोन स्वतंत्र कड्या आहेत. ‘रीबर्थ’ने त्या दोहोंना एकाच पोत्यात घातले. म्हणून पालि टेक्स्ट सोसायटीच्या पुढील काळातील काही अनुवादांत पुन्हा होणे या अर्थाचे नवे जोडशब्द घडविलेले दिसतात. ते अचूक आहेत. मात्र इंग्रजांच्या तोंडी बसले नाहीत.

आपल्याकडील एका विद्वानाचा या इतिहासाशी थेट संबंध येतो. वॉरेन १८९९ साली निवर्तले तेव्हा त्यांनी हाती घेतलेले विसुद्धिमग्गाचे संपादन अपूर्ण होते. ते पूर्ण करण्याच्या कामी गोव्याच्या साखवाळचे आचार्य धर्मानंद कोसंबी १९१० साली हार्वर्डला गेले आणि पुढेही अनेकदा गेले. ते संपादन १९५० साली, कोसंबींच्या निधनानंतर तीन वर्षांनी, हार्वर्डच्या मालेत प्रसिद्ध झाले. प्रतिसंधीचे सर्वांत सूक्ष्म विवेचन बुद्धघोषांच्या या ग्रंथात आहे. प्रतिध्वनी, दिवा, मुद्रेचा ठसा आणि आरशातील प्रतिबिंब या उपमा तेथे येतात. कोसंबींना इंग्रजीच्या मध्यस्थीची गरज नव्हती. ते पालीतून थेट मराठीत लिहीत, आणि म्हणून त्यांच्या मराठीत पालि संज्ञा आपल्या अंगच्या वेषात वावरतात. ही परंपरा पुढे क्षीण झाली, ही आपली मोठी हानी होय.

बाबासाहेबांची गोष्ट निराळी. त्यांना जगाशी बोलावयाचे होते आणि जगाची भाषा इंग्रजी होती. त्यांनी आपल्या ग्रंथाची पहिली आवृत्ती १९५१ साली थोड्या प्रती छापून जाणकारांच्या अभिप्रायासाठी दिली, तेव्हा ग्रंथाच्या नावात ‘गॉस्पेल’ हा शब्द होता. हा शब्द त्या काळी बौद्ध लेखनातही रुळला होता. पॉल केरस यांनी १८९४ साली शिकागो येथे प्रसिद्ध केलेल्या बुद्धचरित्राच्या नावातही तोच आहे. मूळ अर्थ, शुभ वार्ता. मराठी बायबलने त्याला ‘शुभवर्तमान’ हा प्रतिशब्द दिला, आणि तो ऐकताच आपल्याला चर्चची घंटा ऐकू येते. बाबासाहेबांच्या निर्वाणानंतर १९५७ साली सिद्धार्थ महाविद्यालयाच्या वतीने ग्रंथ प्रकाशित झाला तेव्हा नावात ‘धम्म’ होता. आतील मजकुरात ‘गॉस्पेल’ काही ठिकाणी राहिला आहे. मुखपृष्ठावरून मात्र तो उतरला. कारण ग्रंथाच्या चौथ्या खंडातच सापडते. ‘रिलिजन’ ही व्यक्तीची खाजगी बाब, धम्म हा मूलतः सामाजिक. ‘रिलिजन’मध्ये ईश्वर आणि आत्मा, धम्मात माणसाचे माणसाशी वर्तन. हा भेद करणाऱ्या ग्रंथाला ‘गॉस्पेल’ म्हणवून घेणे शक्य नव्हते.

त्याच चौथ्या खंडाच्या दुसऱ्या भागाला दिलेले नाव बौद्ध अनुवादकाने भिंतीवर लावून ठेवावे असे आहे. शब्दांतील साम्य मूलभूत भेद कसा झाकते, हा त्याचा आशय. त्यात पुनर्जन्म, कर्म, अहिंसा आणि संक्रमण ही प्रकरणे ओळीने येतात. ‘रीबर्थ’ आणि ‘ट्रान्समायग्रेशन’ या दोन जवळच्या शब्दांना बाबासाहेबांनी दोन स्वतंत्र प्रकरणे दिली, हे लक्षात घेण्याजोगे आहे. बुद्धाने पहिले शिकविले, दुसरे नाकारले, यात विसंगती नाही, असे सांगून ते नागसेनांकडे जातात. आणि नागसेनांचा संवाद ते राइस डेव्हिड्स यांच्या शब्दयोजनेत देतात. दिव्याची उपमा येते, श्लोकाचीही येते. ज्यांनी पुढे तेव्हाच्या औरंगाबादेतील महाविद्यालयाला मिलिंदाचे आणि त्याच्या परिसराला नागसेनाचे नाव दिले, त्यांना हा संवाद किती मोलाचा वाटत होता हे निराळे सांगावयास नको.

‘रीबर्थ’च्या प्रकरणात ते याहून पुढे जातात. देहातील पृथ्वी, आप, तेज आणि वायू ही चार महाभूते मृत्यूनंतर आपापल्या समुदायास मिळतात आणि त्यांतून नव्या संयोगाने नवा जन्म घडतो. शक्तीचा सर्वथा नाश होत नाही, असे त्यांचे प्रतिपादन आहे. परंपरागत थेरवादी पंडित यावर आक्षेप घेतात, आणि तो अगदी निराधार नाही. महाभूते महाभूतांस मिळतात हे मत सामञ्ञफल सुत्तात अजित केसकंबलाच्या तोंडी आले आहे, आणि त्याची गणना उच्छेदवादात होते. बाबासाहेबांना या आक्षेपाची जाणीव होती. म्हणूनच बुद्ध उच्छेदवादी होते काय, हा प्रश्न ते स्वतःच उपस्थित करून उत्तर देतात. माझे मत असे, की संक्रमणाचा निषेध ही त्यांची भूमिका निकायसंमत आहे, तर महाभूतांची उपपत्ती हे त्यांचे स्वतंत्र भाष्य होय. दोहोंची गल्लत समर्थकही करतात आणि टीकाकारही.

या शब्दभेदावर बाबासाहेबांनी इतका भर का द्यावा? उत्तर कर्माच्या प्रकरणात आहे. प्रवासी आत्मा मान्य केला की त्याच्या खांद्यावर पूर्वजन्मीच्या कर्माचे गाठोडे देता येते. मग अस्पृश्याच्या घरी जन्मलेले मूल आपल्याच पापाचे फळ भोगते आहे, असे म्हणण्यास वाट मोकळी होते. गतजन्मीच्या कर्माच्या सिद्धान्ताने दीनदलितांच्या स्थितीची जबाबदारी राज्यावरून आणि समाजावरून दूर सारली जाते, असे त्यांनी तेथे निःसंदिग्धपणे म्हटले आहे. ज्याला कोशकार समानार्थी म्हणून एका ओळीत बसवितो, त्या दोन शब्दांमध्ये महारवाड्याचा सारा इतिहास उभा होता.

असेच आणखी एक जोडपे येथे आठवते. सुत्तनिपातातील वसल सुत्तात कोणी जन्माने वसल होत नाही, कर्माने होतो, असा तथागतांचा उपदेश आहे. व्हिगो फाउसबॉल यांनी १८८१ साली ‘वसल’ला ‘आउटकास्ट’ म्हटले. या इंग्रजी शब्दाची दोन रूपे आहेत. उच्चारात साम्य, लेखनात शेवटी एका ‘ई’ अक्षराचा फरक. ‘ई’विना लिहिला तर अर्थ बाहेर फेकलेला, टाकलेला, कोणत्याही समाजातील असू शकतो. ‘ई’सह लिहिला तर जातीबाहेरचा, हे रूप हिंदुस्थानच्या मातीत वाढले. फाउसबॉल यांनी पहिले रूप घेतले हे योग्यच झाले. कारण सुत्तात वसल ठरतो तो क्रोधी, वैरी, ऋण बुडविणारा, वृद्ध आईबापांना न पोसणारा. बाबासाहेबांनी १९३३ साली गांधीजींच्या ‘हरिजन’ पत्रासाठी जे निवेदन दिले त्यात त्यांनी दुसरे रूप वापरले; जाती आहेत तोवर जातीबाहेरचेही राहणार, असा त्याचा आशय होता. तेथे तेच रूप हवे होते. आणि मराठीत या गोंधळात भर पडते ती ‘जाति’ या शब्दाने. पालीत ‘जाति’ म्हणजे जन्म. आपल्याकडे त्याच अक्षरांनी जात कळते. ‘जातिपि दुक्खा’ या पदांचा अर्थ नवख्या श्रामणेराने जातही दुःखकारक असा लावला, तर त्याला हसण्यापूर्वी आपण क्षणभर थांबावे. व्याकरण चुकले असले तरी अनुभव चुकलेला नसतो.

मराठीत आज काय करावे? ‘रीबर्थ’साठी ‘पुनर्भव’, ‘ट्रान्समायग्रेशन’साठी ‘संक्रमण’ आणि क्षणाक्षणांच्या सांध्यासाठी ‘प्रतिसंधी’, हे तिन्ही शब्द पालीच्या कुळातले आहेत आणि मराठीला परके नाहीत. ‘पुनर्जन्म’ हा शब्द लोकभाषेतून जाणार नाही, जाण्याची आवश्यकताही नाही. पण बौद्ध विवेचनात तो आला की लगेच ‘संक्रमणावाचून’ हे विशेषण जोडण्याची सवय वक्त्यांनी आणि लेखकांनी लावून घेणे इष्ट. ‘रीइन्कार्नेशन’ या शब्दाला मात्र आपल्या लेखनात थारा देऊ नये. तिबेटी लामांच्या संदर्भात वृत्तपत्रे तो सर्रास वापरतात, आणि त्यांचे मराठी भाषांतर ‘पुनरवतार’ असे होते. अवतार या कल्पनेशी बौद्धांचे भांडण किती जुने आहे, आणि बुद्धाला विष्णूचा अवतार न मानण्याची प्रतिज्ञा १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला लाखोंनी का घेतली, हे वाचकांस ज्ञात आहे.

बाबासाहेबांनी स्वतः पालीचा कोश सिद्ध केला होता. महाराष्ट्र शासनाने त्यांच्या लेखन आणि भाषणांच्या मालेचा सोळावा खंड म्हणून तो व्याकरणासह १९९८ साली प्रकाशित केला. त्याच्या एका भागात पालि शब्दाचे अर्थ केवळ इंग्रजीत आहेत. दुसऱ्या भागात त्यांनी पालि शब्दापुढे इंग्रजीबरोबर मराठी, गुजराती आणि हिंदी अर्थ दिले आहेत. तेथे मराठी रकाना इंग्रजीच्या पाठीमागे नाही, तिच्या शेजारी आहे.